गिरणीमागचे तूस

भाताची मळणी आटोपली की बेळगाव-खानापूर भागातील गिरण्यांमागे तुसाचे ढीग उभे राहतात. हेच तूस कारखान्यांच्या सांडपाण्यातील जड धातू धरून ठेवते. भुईमुगाची टरफले, नारळाचा काथ्या, लाकडाचा भुसा ह्यांच्या अंगीही तोच गुण आहे. त्यांच्या तंतूंवरील काही अणुसमूह आपल्याजवळचा हायड्रोजन वा कॅल्शियम पाण्यात सोडतात आणि त्याच्या जागी शिसे, तांबे, कॅडमियम धरतात.

हे ऐकून आमच्या एका शेतकरी बंधूंनी विचारले, "मग फादर, दोन पोती विहिरीत टाकू काय?" प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नव्हे. मुलामा चढविणाऱ्या कारखान्यांतून निकेल व क्रोमियम ओढ्यात उतरले, तर त्यांचा वास येईलच असे नाही. पाणी उकळल्याने जंतू मरतात, धातू मात्र तसाच राहतो. पाणी आटले की त्याचे प्रमाण उलट वाढते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या एक लिटर पाण्यात शिसे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. इतके सूक्ष्म प्रमाण जिभेला कसे कळावे?

तरीही विहिरीत तूस टाकू नये. पाणी फार आम्ल असेल तर तूस शिसे धरीत नाही. विषारी अशा सहा-संयुजी क्रोमियमला मात्र आम्ल पाणीच मानवते. एकाच तुसाचे हे दोन स्वभाव! म्हणून कारखान्यातच आधी पाण्याची आम्लता जुळवावी लागते, धुतलेले तूस पिंपात भरून त्यातून पाणी सावकाश सोडावे लागते आणि तूस भरले की बदलावे लागते. विहिरीत ह्यातले काहीच साधत नाही. तूस कुजते, आणि धरलेला धातूही पुन्हा पाण्यात सुटू शकतो.

धातू नाहीसा होत नाही, केवळ जागा बदलतो. असे तूस शेणखतात मिसळू नये, चुलीतही घालू नये. सौम्य आम्लाने धुऊन त्यातील धातू परत काढता येतो. परंतु ते काम, व त्याचा खर्चही, ज्याने पाणी नासविले त्याचा. यंत्रसामग्री महाग म्हणून हात झटकणाऱ्या छोट्या कारखानदारास आता ती सबब उरत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्यांच्या विहिरी अशा ओढ्यालगत आहेत त्यांनी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा, आणि देताना "धातूंची तपासणी हवी" असे मुद्दाम सांगावे. जंतूंच्या नेहमीच्या तपासणीत शिसे दिसत नाही.