नोंद कुणाच्या नावावर?

डोळ्यांनी साथ सोडली तेव्हापासून संदर्भसूची मी कानांनी तपासतो. माझ्याकडे प्रबंध घेऊन येणारी एक मुलगी, आता तिला शिष्या म्हणायला हरकत नाही, नोंदी मोठ्यानं वाचते, विरामचिन्हांसकट. ‘कोसंबी स्वल्पविराम धर्मानंद पूर्णविराम.’ बाकीचं कानांवर निभावतं. शकात 78 मिळवायचे की 79, हे पुस्तक वर्षाच्या कुठल्या महिन्यात निघालं त्यावर ठरतं. आवृत्ती की पुनर्मुद्रण, हा घोळ दोन प्रती शेजारी ठेवल्या की बहुधा सुटतो. अडतं ते पहिल्याच शब्दाला. नोंद कुणाच्या नावावर करायची?

हे ज्याला किरकोळ वाटतं त्यानं कोसंबी बापलेकांच्या नोंदी करून पाहाव्यात. वडील धर्मानंद दामोदर, मुलगा दामोदर धर्मानंद. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत, तिचा हा प्रसाद. मराठीत निदान एक ध. दा. आणि दुसरे दा. ध. राहतात, इंग्रजीत दोघेही डी. डी. हल्ली प्रत्येक मार्गदर्शकाला एपीए हवी असते आणि एपीए नावांची आद्याक्षरं करते. मग वडिलांचं ‘भगवान बुद्ध’ आणि मुलाचं ‘मिथ अँड रिॲलिटी’ एकाच माणसाची पुस्तकं असल्यासारखी एकाखाली एक बसतात. याच एपीएनं सातव्या आवृत्तीत प्रकाशनस्थळही काढून टाकलं. न्यूयॉर्क-लंडनच्या बड्या प्रकाशकांचं त्यानं काही बिघडत नसेल. बेळगावात, मडगावात, इंदुरात निघालेल्या मराठी पुस्तकाचं गाव गाळलं की अर्धी ओळख गेली. मी अजून गाव लिहायला लावतो. मार्गदर्शक चिडतात, चिडोत.

संतांचं तर विचारूच नका. ‘मोरे, तुकाराम बोल्होबा’ अशी नोंद मी डोळे शाबूत असताना वाचली आहे. आडनाव आधी, हा नियम त्या पोरानं इमानानं पाळला होता! खाली अभंगाला नुसता क्रमांक. कुठली गाथा, कुठली प्रत, पत्ता नाही. गाथेगणिक क्रमांक बदलतात हे त्याला कुणी सांगितलंच नसावं. ज्ञानेश्वरांना आपण वर्णक्रमात शेवटी ‘ज्ञ’मध्ये शोधतो, तर संगणक पुष्कळदा त्यांना ‘ज’मध्ये नेऊन ठेवतो. मार्गदर्शकांना ते खपतं, कारण सूची कुणी वाचतच नाही.

वाचत नाहीत, उचलतात मात्र. एका प्रबंधात चुकलेलं वर्ष पुढच्या प्रबंधात तसंच उतरतं, तिथून तिसऱ्यात. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनी वाङ्मयचौर्याच्या तपासणीतून संदर्भसूची वगळली आहे. ते रास्तच आहे, पुस्तकांची नावं सगळीकडे सारखीच असणार. पण न पाहिलेली पुस्तकं दुसऱ्याच्या सूचीतून आपल्या सूचीत आणून बसवणारे त्या सवलतीत सुखानं नांदतात. शंकर गणेश दाते यांची 1800 ते 1937 या काळाची मराठी ग्रंथसूची ज्यानं एकदा तरी नीट चाळली आहे, त्याला एका नोंदीमागचं काम कळतं. आजच्या किती पीएचडीवाल्यांनी ती हातात धरली असेल, याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

आता माझ्या शौकाबद्दल. टोपणनावापुढे चौकटी कंसात खरं नाव द्यायचं, ही माझी जुनी खोड. केशवसुत, कंसात दामले. ग्रेस, कंसात गोडघाटे. वाचकाची सोय म्हणून देतो, असं मी सांगत आलो. खरं म्हणजे मला ठाऊक आहे हे दाखवायचं असे. केशवसुत कोण हे शाळकरी पोरालाही माहीत, त्यात फुशारकी ती काय? म्हणून मी जुन्या मासिकांतल्या ‘एक भगिनी’, ‘एक स्पष्टवक्ता’ असल्या सह्यांमागची माणसं हुडकत बसे. एखादं सापडलं की तो कंस भरताना जो आनंद व्हायचा तो मानधनात कधी झाला नाही. छापून आलेला प्रबंध हातात पडला की मी आधी आभाराचं पान उघडतो, हेही सांगून टाकतो. आता उघडून तिच्या हातात देतो, एवढाच फरक.

तिच्या प्रबंधात विभावरी शिरूरकर आल्या आणि आमचं बिनसलं. 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ निघालं तेव्हा केवढा गदारोळ झाला, ही बाई कोण म्हणून केवढी शोधाशोध झाली, हे अभ्यासकांना सांगायला नको. त्याआधी त्यांचं ‘अलंकारमंजूषा’ बाळूताई खरे या नावानं आलेलं. विश्राम बेडेकरांशी लग्नानंतर त्या मालती बेडेकर. मी म्हटलं, ‘सगळं बेडेकरखाली आण. एका लेखिकेचं काम वाचकाला एका जागी मिळायला हवं.’

‘सर, जे नाव त्यांनी मुद्दाम पुढे येऊ दिलं नाही, ते मी नोंदीच्या पहिल्या शब्दात कसं घालू?’

‘अगं, ते गुपित फुटून जमाना झाला.’

‘मग आरती प्रभूंना तुम्ही खानोलकरांखाली का नाही आणत? ‘विशाखा’ कुसुमाग्रजांच्या नावावर आणि ‘नटसम्राट’ शिरवाडकरांच्या, हे कसं चालतं?’

कारण कविता एका नावानं आणि बाकीचं लेखन दुसऱ्या नावानं, असं त्यांनीच वाटून घेतलं होतं. हे उत्तर माझ्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. बाईंनीही वाटूनच घेतलं होतं की. शिवाय ‘बेडेकर’ हे 1933 साली त्यांचं नावही नव्हतं.

तरी माझं समाधान झालेलं नाही. तीन जागी तीन नोंदी केल्या की पुस्तक शोधणारा पानं उलटत बसतो. ‘पाहा’ लिहून त्याला दुसऱ्या पानावर धाडायचं, हा सूचिकाराचा जुना तोडगा; पण तो तोडगाच, उत्तर नव्हे. शीर्षकपानावर जे छापलंय तेच प्रमाण मानावं, तर पुढच्या आवृत्तीच्या शीर्षकपानावर नाव बदललेलं निघालं की काय करणार? रात्री झोप लागली नाही की मी याच नोंदी मनात इकडून तिकडे हलवत असतो. घरच्यांना वाटतं डोळ्यांची काळजी करतोय.

शेवटी तिच्या म्हणण्याप्रमाणे झालं. खरे ‘ख’मध्ये, बेडेकर ‘ब’मध्ये, शिरूरकर ‘श’मध्ये, प्रत्येक ठिकाणी ‘पाहा’, आणि कंस कुठेच नाही. एका परीक्षकांनी शेरा मारला आहे की एकाच लेखिकेच्या नोंदी एकत्र कराव्यात. ती बदलायला तयार नाही. तिच्या बाजूनं दोन पानांचं पत्र मी सांगितलं, तिनं उतरवून घेतलं, आणि सही करून मी ते विद्यापीठाकडे पाठवलं आहे.