चायना ग्रास हलाल आहे, पुढे काय?

रमजान जवळ आला की आमच्याकडच्या किराणा दुकानांत चायना ग्रासची पाकिटं टांगलेली दिसतात. पांढऱ्या, वजनाला हलक्या, सुतळीसारख्या पट्ट्या. पाण्यात भिजवायच्या, उकळून विरघळवायच्या, त्यात आटवलेलं दूध, साखर, थोडं गुलाबपाणी घालून थाळीत ओतायचं. मे महिन्याच्या उकाड्यातही फ्रिजशिवाय घट्ट बसतं. जिलेटिन एवढ्या गरमीत पातळ होतं. हे एकदा थिजलं की साधारण 85 अंशांपर्यंत तापवल्याशिवाय विरघळत नाही. नावात ग्रास असलं तरी ते गवत नव्हे, समुद्रातल्या लाल शेवाळापासून काढलेलं अगार आहे. वर्गात हे सांगितलं तेव्हा अर्ध्या मुलांनी नाक मुरडलं. इफ्तारला तेच चाटूनपुसून खातात, पण ‘शेवाळ’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे विहिरीची निसरडी पायरी येते.

कोळंबी चालते की नाही यावर हनफी आणि शाफई घरांत वाद होऊ शकतो. (कोकणातले आम्ही शाफई, आमच्या ताटात तो प्रश्नच नाही.) शेवाळाबद्दल असा वाद मी कुठे ऐकलेला नाही. ती वनस्पती आहे, नशा आणत नाही, अपाय करत नाही, मग खा. म्हणूनच आइस्क्रीमच्या डब्यावर बारीक अक्षरांत 407 हा आकडा दिसला की आपण निश्चिंत होतो. 407 म्हणजे कॅराजीनन. तेही शेवाळातूनच येतं. जिलेटिन नाही ना, मग झालं, असं म्हणून आपण डबा टोपलीत टाकतो.

या कॅराजीननसाठी जगभर ज्या शेवाळाची शेती होते, त्यातलं मुख्य कप्पाफायकस. ते मूळचं फिलिपिन्सकडच्या समुद्रातलं. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने 1980च्या दशकात ते भारतात आणून वाढवून पाहिलं. 2000नंतर एका बड्या शीतपेय कंपनीच्या पुढाकाराने तमिळनाडूत मंडपमच्या किनाऱ्यावर त्याची शेती सुरू झाली. बांबूचा तराफा, त्याला दोऱ्या, दोरीला बांधलेले शेवाळाचे तुकडे. साधारण 45 दिवसांत चौपट पीक. रामनाथपुरमच्या कोळी वस्त्यांतल्या बायकांच्या हातात त्यातून स्वतःचा पैसा आला. ही गोष्ट मी हलकी मानत नाही.

पण कप्पाफायकसला बी लागत नाही. तुटलेला तुकडा अडकेल तिथे नवं झाड होतो. आणि लाटांनी तराफे मोडतात, तुकडे वाहत जातात. जवळच मन्नारच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, 21 बेटांचं, 1986 साली घोषित झालेलं. त्यातल्या कुरुसडाई बेटाच्या पोवळ्यांवर हे शेवाळ पसरल्याचं संशोधकांनी 2008मध्ये नोंदवलं. हरणाच्या शिंगासारखे फाटे फुटणारं जिवंत पोवळं, त्यावर शेवाळाची जाड गोधडी. खाली ऊन पोचत नाही आणि पोवळं मरतं. मग वनखात्याने ते हाताने उपटून काढायला सुरुवात केली.

हल्ली एक सूचना वारंवार कानावर येते: असं परकं शेवाळ माजलं तर खाऊन टाका, पोटही भरेल आणि समुद्रही साफ होईल. ऐकायला छान. पण कप्पाफायकस आपण खाण्यासाठीच तर आणलं होतं! आणि कापणी वेगळी, निर्मूलन वेगळं. विकणारा वरचं वर खुडतो, पुढच्या खेपेला पुन्हा मिळावं म्हणून. साफ करणाऱ्याला पोवळ्याच्या फटीतला बोटभर तुकडासुद्धा सोडून चालत नाही. एकदा बाजार उभा राहिला की ते शेवाळ संपावं असं कुणाला वाटेल? न्यूझीलंडमध्ये 1987 साली वेलिंग्टनच्या बंदरात वाकामे सापडलं. जपान-कोरियात ते रोजच्या जेवणातलं. कोरियात बाळंतिणीला त्याचंच सूप देतात, आपण डिंकाचे लाडू देतो तसं. तिथल्या सरकारने 2010मध्ये ते काढून विकायला अटींसह परवानगी दिली. वाकामेच्या शेतीला जागा मिळाली तीही जिथे ते आधीच पुरतं पसरलं होतं अशाच ठिकाणी. ही सावधगिरी मला पटते. शिवाय प्रत्येक शेवाळ खाण्याजोगं नसतंच. भूमध्य समुद्रात 1984 साली मोनॅकोजवळ दिसलेल्या कॉलर्पात असं विष आहे की बहुतेक मासेही त्याच्या वाटेला जात नाहीत.

‘परकं’ आणि ‘आक्रमक’ हे दोन शब्द मी जपून वापरते. इतिहासाच्या तासाला ‘आक्रमक’ शब्द आला की मुलांच्या नजरा कुठल्या बाकांकडे वळतात, ते मी वीस वर्षं पाहते आहे. जीवशास्त्र निदान इथे नेमकं बोलतं: प्रत्येक परकं आक्रमक नसतं. मिरची, बटाटा, काजू समुद्रापलीकडून आले आणि आज मिरचीशिवाय कोकणातलं एक कालवण होत नाही. कप्पाफायकसचा दोष ते फिलिपिन्सचं आहे हा नाही. ते जिवंत पोवळ्यावर पसरतं आणि त्याचं ऊन अडवतं, एवढाच आहे.

कुरआन अन्नाबद्दल बोलतं तेव्हा हलालच्या जोडीला तय्यब हा शब्द येतो. तय्यब म्हणजे चांगलं, निर्मळ. डबा उलटा करून आपण हलालची खात्री करतो. ते शेवाळ कुठल्या पाण्यात वाढलं, त्याच्या शेजारी काय मेलं, हे डब्यावर छापलेलं नसतं. मी तरी कधी कुणा दुकानदाराला विचारलेलं ऐकलं नाही.

मंडपमच्या बायकांनी तराफे सोडून द्यावेत असं मी इथे बसून सांगणार नाही. त्याच किनाऱ्यावर एक देशी लाल शेवाळ उगवतं, तमिळमध्ये त्याला कंजी पासी म्हणतात, कारण किनाऱ्यावरची माणसं त्याची कंजी करून पीत आली आहेत. त्यातून अगार निघतं, म्हणजे आपलं चायना ग्रासच. ते तिथलंच आहे, पोवळ्यांच्या शेजारी आधीपासून राहत आलेलं. फक्त ते कप्पाफायकसइतकं झपाट्याने वाढत नाही, आणि तराफ्यावर दोरी बांधणारीला 45 दिवसांनी हातात काय येणार याचा हिशेब आधी करावा लागतो.