दुसऱ्या मजल्यावरचे गाळे

मुंबईतल्या लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका मॉलमधले शंभराहून जास्त गाळे मी विकले. तो मॉल आज जवळजवळ बंद आहे. त्याचं नाव लिहीत नाही, बिल्डरचंही नाही. मला लिहायचंय ते मी काय केलं त्याबद्दल, आणि ते करताना मला काय काय ठाऊक होतं त्याबद्दल.

कांजूरमार्ग ते मुलुंड या पट्ट्यातले कारखाने तेव्हा एकामागून एक बंद पडत होते. माझे वडील त्यांपैकीच एकात फिटर होते. कारखान्याची भिंत पडायची, भोवती पत्रे लागायचे आणि बघता बघता तिथे टॉवरचा नाहीतर मॉलचा बोर्ड यायचा. 1999 साली हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स सुरू झाला तेव्हा काही काळ आत जायला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवावं लागायचं, नाहीतर 60 रुपये भरावे लागायचे. आम्ही भांडुपची पोरं बाहेरूनच काचा बघून परतलो होतो. चारपाच वर्षांत मॉल आमच्याच रस्त्यावर आले आणि दारात कुणी अडवेना. मालाडचा इनऑर्बिट 2004 साली उघडला तो बघायला आमच्याकडची माणसं दादरला गाडी बदलून जात. आपल्याही भागाला काहीतरी मिळतंय ही भावना खरी होती. मी तो मॉल विकत होतो तेव्हा माझाही त्यावर विश्वास होता, हे मी आजही नाकारत नाही.

लोकांकडे पैसा कुठून आला, तेही सांगायला हवं. 2000-01 मध्ये सरकारी बँकांनी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजना, आणली आणि पन्नाशीतल्या कितीतरी कारकून-कॅशियर मंडळींच्या हातात एकरकमी पैसे आले. त्याच सुमारास व्याजदर घसरायला लागले. पीपीएफवर 12 टक्के मिळायचे, ते 2003 पर्यंत 8 वर आले. पोस्टात नाहीतर बँकेत ठेवून घर चालेना. अशा माणसाला मी सांगायचो, ‘गाळा घ्या, दरमहा भाडं येईल, पेन्शनच समजा.’ हे वाक्य मला कुणी पढवलं नव्हतं. ते माझं होतं. चाललंय म्हटल्यावर बाकीची पोरंही तेच बोलायला लागली.

आता मॉल चालतो कसा ते थोडं सांगतो, नाहीतर माझी चूक नेमकी कुठे ते कळणार नाही. चांगला मॉल गाळे विकत नाही, भाड्याने देतो. भाडं म्हणजे ठरावीक किमान रक्कम, आणि वर दुकानाच्या विक्रीतला काही टक्के हिस्सा. दुकानदाराची विक्री वाढली तर मालकाचा फायदा, म्हणून कोणत्या मजल्यावर काय असावं, चपलांच्या दुकानाशेजारी कोण बसावं, जिना कुठे संपावा, याची काळजी मालक स्वतः घेतो. एखादं दुकान चालेनासं झालं की त्याला हलवतो, दुसरं आणतो. 1956 साली व्हिक्टर ग्रूएन या व्हिएन्नाच्या वास्तुरचनाकाराने अमेरिकेत मिनेसोटा राज्यात साउथडेल हा पहिला पूर्ण बंदिस्त मॉल उभा केला, तेव्हा त्यात एकमेकांशी स्पर्धा करणारी दोन मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स घेतली होती. दोघांच्या मधल्या वाटेवर छोट्या दुकानांना गिऱ्हाईक मिळतं. मॉलचं सगळं गणित त्या चालण्यावर आहे. माणूस कुठून आत येतो, कुठून वर जातो आणि वाटेत त्याला काय दिसतं.

आम्ही गाळे विकले. बिल्डरला इमारत पुरी करायला पैसे हवे होते आणि बुकिंगमधून ते लगेच मिळत होते. कागदावर 200 चौरस फूट लिहिलेल्या गाळ्याचं शटर वर केलं की आत 110 भरायचे. बाकीचे सुपर बिल्ट-अपमध्ये, म्हणजे पॅसेजमध्ये, जिन्यात, लॉबीत. 2017 साली महारेरा हे नियामक प्राधिकरण आलं आणि चटईक्षेत्र स्पष्ट लिहिण्याची सक्ती कडक झाली, पण आमची विक्री त्याच्या कितीतरी आधी संपली होती. विकलेल्या मॉलला मालक शेकडो असतात आणि मॉलचा विचार करणारा एकही नसतो. एकाने लेडीज टेलर बसवला, शेजाऱ्याने इस्टेट एजंट, त्याच्या पलीकडच्याने शटर ओढून ठेवलं आणि भाव वाढायची वाट बघत बसला. भाड्यावर चालणाऱ्या एका मोठ्या मॉलमधल्या लीजिंगच्या माणसाला मी आमचा नकाशा दाखवला होता. त्याने पहिल्यांदा एकच गोष्ट विचारली, ‘हे सगळं विकताय?’ मी हो म्हटल्यावर त्याने नकाशा घडी करून परत दिला. तेव्हा निम्मे गाळे विकायचे बाकी होते. मी विकत राहिलो.

दुसरा मजला ही माझी खरी अडचण. तिसऱ्यावर मल्टिप्लेक्स आणि फूड कोर्ट. तळघरातल्या पार्किंगमधून लिफ्ट थेट तिसऱ्यावर जायची. सिनेमा सुटला की लोक मागच्या जिन्याने बाहेर पडायचे, कारण थिएटरची दारं तिकडेच उघडत होती. तळमजल्यावर सुपरमार्केट, तेही अगदी गेटजवळ, म्हणजे भाजी-किराणा घेणारी बाई आत दहा पावलंसुद्धा यायची नाही. दुसऱ्या मजल्यावरून जायची वेळ कुणावर येत नव्हती. त्यातही सरकत्या जिन्याच्या पाठीमागचे गाळे तर जिना चढून आलेल्यालाही दिसायचे नाहीत, तो तोंड दुसरीकडे करूनच वर यायचा. हे नकाशावर स्वच्छ दिसत होतं. धंद्यातली माणसं नकाशा टेबलावर पसरल्याबरोबर त्या रांगेवर बोट ठेवून म्हणायची, ‘हे सोडून दाखवा.’ मग ते गाळे मी नकाशा वाचता न येणाऱ्यांना विकले.

त्यांत आमच्या चाळीतले एक काका होते. बँकेत कॅशियर, व्हीआरएस घेतलेले. सून इमिटेशन ज्वेलरीचं करायची, तिच्यासाठी काहीतरी बघत होते. मी त्यांना जिन्यामागचा गाळा दाखवला. तेव्हा तिथे फक्त कॉलम होते आणि चुन्याने आखलेल्या रेषा.

‘कोपरा आहे काका, शांत आहे.’

‘अरे, शांत दुकान काय कामाचं?’

‘वर सिनेमा आहे ना. सुटला की सगळी गर्दी इथूनच खाली येणार.’

लिफ्ट कुठे आणि थिएटरची दारं कुठे उघडतात, दोन्ही मला माहीत होतं. काकांनी त्या रेषांच्या आत उभं राहून दोन्ही हात पसरून रुंदी बघितली आणि हसले. मी त्यांच्या मांडीवर खेळलेला मुलगा होतो.

मॉल उघडला तेव्हा पहिल्या दोन-तीन दिवाळ्यांना गर्दी ओसंडून वाहायची. मला विक्रीतून व्यवस्थापनात घेतलं. दारावर माणसं मोजायचं यंत्र होतं. रोज रात्री तो आकडा मी वर कळवायचो, आकडा मोठा असला की खूश असायचो. कुणाच्या हातात पिशवी आहे ते मी बघितलंच नाही. दुसऱ्या मजल्यावर किती बिलं फाटली, हे विचारायला मी एकदाही शटरांमधून फिरलो नाही. मेमध्ये माणसं थंड हवेसाठी यायची, पोरांना जिन्यावर वरखाली करू द्यायची आणि जायची. त्यांचं काही चुकत नव्हतं. त्या गर्दीला धंदा म्हणणारा मी होतो.

घाटकोपरला आर-सिटी 2009 मध्ये आला, कुर्ल्याला फिनिक्स मार्केटसिटी 2011 मध्ये, ठाण्याला विवियाना 2013 मध्ये. आम्ही मधोमध अडकलो. लोक म्हणतात ऑनलाइन खरेदीने मॉल मारले. आमच्यासारख्यांचा जीव त्याआधीच गेला होता. फ्लिपकार्टचा पहिला मोठा सेल ऑक्टोबर 2014 चा, तोवर आमचा दुसरा मजला निम्म्याहून अधिक बंद होता. आणि नीट चालवलेले मोठे मॉल ऑनलाइनच्या काळातही रविवारी भरतात, ते मी जाऊन बघितलंय.

मेंटेनन्स म्हणजे एसी, सरकते जिने, लिफ्ट, वॉचमन, सफाई. तो सुपर बिल्ट-अपवर लागायचा. भाडेकरू नाही म्हटल्यावर गाळामालक मेंटेनन्स कुठून भरणार? थकबाकी वाढली तसा मी उपाय काढला, दुसऱ्या मजल्यावरचा एसी दुपारी बंद ठेवायचा. मग एका बाजूचा सरकता जिना बंद. वीजबिल खाली आलं आणि मला शाबासकी मिळाली. उरलेली दुकानं त्या उन्हाळ्यातच उठली. काकांच्या गाळ्यात सुनेचं दुकान वर्षभरही टिकलं नव्हतं. नंतर मोबाइलची कव्हरं विकणारा एक मुलगा 11 महिन्यांच्या करारावर आला आणि करार संपायच्या आत गेला. तरी काका महिन्यातून एकदा यायचे, शटर वर करायचे, फडक्याने काउंटर पुसायचे, मेंटेनन्सचं बिल घेऊन जायचे आणि भरायचे. त्यांचं एकही बिल थकलं नाही. त्यांच्या गाळ्यासमोर एसी बंद होता आणि ते एसीचे पैसे भरत होते.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला सर्वांत जड जाते. मागचा आपत्कालीन जिना. तळमजल्याचे दुकानदार गोदाम नाही म्हणून तिथे खोके रचायचे. मी सुरुवातीला नोटिसा काढल्या, नंतर सोडून दिलं. मेंटेनन्स वेळेवर भरणारे तेवढेच उरले होते, त्यांना दुखवायचं नव्हतं. शनिवारी रात्री सिनेमा सुटला की त्याच जिन्याने चारपाचशे माणसं, कडेवर मुलं घेऊन, त्या खोक्यांतून वाट काढत उतरायची. मार्च 2021 मध्ये भांडुपच्या ड्रीम्स मॉलला आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या रुग्णालयातले कोविडचे रुग्ण मरण पावले. तो मॉल आमचा नव्हे. पण त्या सकाळी माझ्या डोळ्यांसमोर आमचा जिना आला. आमच्याकडे आग लागली नाही, यात माझं श्रेय काहीच नाही.

टाळेबंदीनंतर 5 ऑगस्ट 2020 पासून राज्यातले मॉल उघडले, थिएटरं मात्र बंदच. आमच्याकडे सिनेमा नसेल तर वर यायला कारणच नव्हतं. मल्टिप्लेक्सने जागा सोडली ती कायमची.

मी काकांकडे गेलो ते त्यानंतर. त्यांना सांगितलं, ‘तो गाळा तुम्हाला द्यायला नको होता. गर्दी तिथून जाणार नाही हे मला तेव्हाच माहीत होतं.’ काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘मला शंका आली होती रे. पण तू सांगत होतास म्हणून सही केली.’ त्यावर मी काय बोलणार? ते मला माफ केलं असंही म्हणाले नाहीत आणि जा असंही म्हणाले नाहीत. काकूंनी चहा आणला. थोड्या वेळाने काकांनी कपाटातून करारनाम्याची फाइल काढली आणि विचारलं, याचं आता काही होईल का.

होऊ शकतं, पण त्याला सोसायटी लागते. इतक्या वर्षांत गाळेधारकांची सोसायटी नोंदलीच गेली नाही आणि जमीन अजून बिल्डरच्या नावावर आहे. ‘सोसायटी काय, होईलच’ हेही विकताना मीच सांगत होतो. सोसायटी नोंदली तर मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्यासाठी, अर्ज करता येईल. जमीन नावावर आल्याशिवाय पुनर्विकासाचं कुणी बोलणार नाही. त्यासाठी आधी मालक शोधायचे. काही वारले, काहींचे वारस परदेशात, काहींनी गाळा कुणाला विकला याचा पत्ता नाही. कोणता गाळा मी कुणाला दिला याच्या माझ्या जुन्या वह्या आहेत, त्यामुळे हे काम मी करतो आहे, पैसे न घेता. दुय्यम निबंधकांकडून इंडेक्स टूच्या, म्हणजे खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्यांच्या, नकला काढतो, पत्ते जुळवतो, फोन करतो. काही जण माझं नाव ऐकून फोन ठेवतात, तिथे काकांचा मुलगा बोलतो. तळमजल्याची यादी पुरी झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्यामागच्या रांगेतले दोन मालक अजून सापडायचे आहेत, त्यांतल्या एका बाई तेव्हा डोंबिवलीच्या पत्त्यावर होत्या. परवा तिकडे जाऊन येतो.