जाहिरात येण्याआधी

पदवीचा निकाल लागला की आमच्या वस्तीत पेढे वाटले जातात. महिनाभरात "आता नोकरीचे काय?" हा प्रश्न घरात येऊन बसतो. आम्ही बी.कॉम. होऊन कारकुनी पत्करली. दर रविवारी समाजमंदिरात बसून मुलामुलींचे अर्ज भरून देतो. तेथे एक गोष्ट वारंवार दिसते. आपली मुले बुद्धीत कमी पडत नाहीत, कागदपत्रांत कमी पडतात.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक आईबापांनी शाळेत मुलांच्या नावापुढे अभिमानाने फक्त 'बौद्ध' असे लिहिले. ते योग्यच झाले. १९९० च्या कायद्याने बौद्धांना केंद्राच्या सवलतीही मिळाल्या. परंतु जातीचा दाखला काढताना धर्मांतरापूर्वीची जात आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वास्तव्य यांचा पुरावा मागतात. तो शहरातल्या खोलीत कुठून असणार? तो आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात, गावच्या कोतवाल बुकात किंवा तहसील कचेरीच्या दप्तरात असतो. त्यासाठी गावाला दोन-तीन खेपा होतात. जाहिरातीची मुदत तोवर थांबत नाही.

म्हणून आमचे सांगणे असे की, पदवीच्या शेवटच्या वर्षालाच कामाला लागावे. राज्याच्या आणि केंद्राच्या नोकरीसाठी दाखल्याचे नमुने वेगळे असतात. दोन्ही काढून ठेवावेत. राज्याच्या नोकरीत पुढे जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही लागते. मुलींच्या पालकांनी तर अधिकच जागे राहावे. मुलीची जात वडिलांकडून धरतात, सासरचे कागद तिथे चालत नाहीत. तिचा दाखला लग्नाआधीच काढावा आणि नाव बदलल्यास विवाह नोंदणीचा दाखला जपून ठेवावा.

कागद फिरत असताना हातही रिकामे नकोत. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग लागतो. तो रोज तासभर बसल्याशिवाय येत नाही. सरकारी नोकरीचीच वाट पाहू नये. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पदवीधरांनाही कारखान्यांत, कार्यालयांत शिकता येते आणि विद्यावेतन मिळते. त्या अनुभवाचा कागद पुढे कामी येतो.

आपल्यासाठी राखलेली जागा एका कागदापायी हातची जाऊ नये. तेव्हा मुलांनो, येत्या सुटीत गावी जाल तेव्हा जुन्या शाळेची पायरी जरूर चढा. आजोबा हयात असतील तर त्यांनाही बरोबर न्या. कोणत्या साली नाव घातले हे त्यांच्याइतके दुसरे कोण सांगणार?