ऑईल कुठून येतं?

बुलेट म्हटली की ऑईल गळणारच, हे वाक्य आम्ही दोघा भावांनी किती गिऱ्हाईकांना ऐकवलं असेल याची मोजदाद नाही. ज्या वस्तादांच्या हाताखाली आम्ही कुर्डुवाडीत पाना धरायला शिकलो, त्यांचंही हेच वाक्य होतं. आम्ही ते जसंच्या तसं उचललं. बाहेर लोकांना "तपासून घ्या, मगच माना" असं सांगणारे आम्ही, गॅरेजात मात्र वस्ताद म्हणाले ते प्रमाण!

२०१९ साली हे वाक्य आमच्याच घरावर उलटलं.

आमच्या दाजींना पाचशेची बुलेट हवी होती. नवी परवडण्यासारखी नव्हती. त्यांच्याकडे जुनी साडेतीनशेची होती, बिडाच्या सिलिंडरची. आम्ही म्हणालो, हिचीच पाचशे करून देतो. क्रँककेसचं तोंड लेथवर मोठं करून घेतलं, पाचशेचं सिलिंडर-पिस्टन बसवलं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत गाडी पुढं असणार होती, म्हणून शोभेचंही काम केलं. ब्रीदरची जाड, काळी नळी डोळ्याला खुपत होती. ती काढून बारीक पारदर्शक पाईप लावला आणि त्याचं तोंड सीटखालच्या चकचकीत डबीत सोडलं. डबीला झाकण घट्ट, वर एक टाचणीएवढं भोक. किती छान दिसत होतं ते!

मिरवणूक थाटात झाली. पण गाडी ऑईल टाकू लागली. आम्ही प्रायमरीच्या आतलं सील बदललं. पंधरा दिवसांनी रॉकर कव्हरची गॅस्केटं बदलली. मग पुन्हा तेच सील. मजुरी घेतली नाही, पण सामानाचे पैसे घेतले, आणि वर ते वाक्यही ऐकवलं. जून महिन्यात दाजी ताईला आणि भाच्याला घेऊन टेंभुर्णीहून येत होते. ऑईल साखळीवरून मागच्या टायरवर गेलेलं. वळणावर गाडी घसरली. भाचा गवतात पडला म्हणून वाचला. ताईचं उजवं मनगट मोडलं. ताई शिवणकाम करते. सहा आठवडे तिचं मशीन झाकून राहिलं. ती आम्हाला एका शब्दानंही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

आमचे बाबा रेल्वेच्या वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाईट रेल्वेमुळं या गावाला वर्कशॉप मिळालं, आणि त्या वर्कशॉपामुळं आमच्यासारख्या कितीतरी घरांत महिन्याचा पगार आला. छोट्या गाडीची लाईन जाऊन ब्रॉडगेज आली, तरी बाबांच्या बोलण्यात अजून बॉयलर आणि वाफ असतेच. ते गाडीजवळ येऊन उकिडवे बसले आणि म्हणाले, "सीलं बदलताय, पण आतली हवा कुठनं जातीय ते बघितलंसा का?"

आम्ही बघितलं नव्हतं.

पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्या खालची हवा दाबली जाते. साडेतीनशेच्या बुलेटचा पिस्टन ७० मिलिमीटरचा, पाचशेचा ८४. दोन्हींची चाल ९० मिलिमीटरच. म्हणजे दर फेऱ्याला ३४६ ऐवजी ४९९ घनसेंटिमीटर हवा ढकलली जाणार, जवळजवळ दीडपट. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे फिरलं तर हे सेकंदाला पन्नास वेळा होतं. शिवाय रिंगांच्या फटीतून जळलेला धूर थोडाफार खाली उतरतो, तो वेगळाच. या सगळ्याला बाहेर जायची वाट म्हणजे ब्रीदर. त्याच्या तोंडाशी बदकाच्या चोचीसारखं रबर असतं. पिस्टन खाली आला की चोच उघडते, वर गेला की मिटते. त्यामुळं हवा बाहेर जाते पण परत आत येत नाही, आणि क्रँककेसमध्ये हलकी ओढ राहते. ती ओढच ऑईलला आत धरून ठेवते. आम्ही हवा दीडपट केली आणि वाट अरुंद केली. मग ऑईल सीलातून नाही तर कुठून जाणार?

गाडी गॅरेजात उभ्या उभ्या कोरडी असायची आणि टेंभुर्णीला जाऊन आली की ओली, ही खूण पहिल्या दिवसापासून समोर होती.

मग आम्ही तपासायला बसलो. डबी काढली. गाडी पाच-सात मिनिटं चालू ठेवली, कारण बरेच दिवस उभ्या असलेल्या बुलेटच्या क्रँककेसमध्ये ऑईल उतरलेलं असतं आणि ते सुरुवातीला ब्रीदरमधून येतंच; त्यावरून काही ठरवू नये. मग पाईपचं टोक पाण्याच्या बाटलीत नखभर बुडवलं. जास्त बुडवायचं नाही, पाणी इंजिनात ओढलं जाईल. पाणी पाईपात वर चढू लागलं. म्हणजे चोच मिटतच नव्हती. रबर काढून पाहिलं तर चपटं, कडक, कडेला चिरलेलं. किंमत विचाराल तर चहा-भज्यांची.

नवं रबर घातलं. सुरुवातीला भराभर बुडबुडे आले, मग अधूनमधून एखादा. ते भराभर येतच राहिले असते तर रिंगा गेल्या असं समजून सिलिंडर उतरवावं लागलं असतं. तेवढं वाचलं. सहा मिलिमीटरचा पाईप काढून बारा मिलिमीटरचा लावला. व्यास दुप्पट म्हणजे वाट चौपट. मध्ये कुठं झोळ ठेवला नाही, नाहीतर तिथं ऑईल साचून पुन्हा बूच बसतं. डबीच्या झाकणाला मोठं भोक पाडलं. आता ती तितकी छान दिसत नाही.

सामानाचे घेतलेले पैसे आम्ही दाजींना परत केले. ते घेईनात. शेवटी ताईच्या मशीनवर ठेवून आलो, आणि चूक आमची होती हे तिला तोंडानं सांगितलं. वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन चाललं होतं. कालामांना भगवान बुद्धांनी काय सांगितलं ते बाबा वाचून दाखवत होते, परंपरेनं आलं किंवा गुरूनं सांगितलं एवढ्यानं काही मानू नका, असं. आम्ही दोघं मागच्या रांगेत खाली मान घालून बसलो होतो. बाबांनी एकदा चष्म्यावरून पाहिलं आणि पान उलटलं.

दाजी दर महिन्याला डबी ओतायला येतात. चमचाभर काळं ऑईल निघतं. ताई मागे बसते, पण निघण्याआधी वाकून मागच्या टायरवरून बोट फिरवते आणि बोट बघते.