पांढरं राखताना

अंगठ्याचा सांधा धरल्यापासून दोऱ्याचा शेवटचा वेढा मला मनासारखा आवळता येत नाही. त्यामुळे यंदाच्या सुट्टीतल्या टाय अँड डायच्या वर्गात सगळ्या गाठी मुलांच्याच होत्या.

रंग काय, कुणीही चढवेल. १९५६मध्ये प्रोसियन रंग बाजारात आले आणि उकळतं पातेलं सुटलं. धुण्याचा सोडा असला की गार पाण्यातही सूत रंग धरतं. नागपूरच्या मे महिन्यात तर भराभर धरतं, फक्त कापड ओलं राहायला हवं. वाळलं की काम थांबलं. म्हणून रंगवलेल्या गाठोड्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद.

अडतं ते पांढऱ्यापाशी. सैल गाठीत रंग शिरतो हे ठीक. पण पक्क्या गाठीखालचा ठिपकाही गुलाबी निघतो, त्याचं काय? कोरडं कापड रंग आत ओढून घेतं, म्हणून मी भिजवून, पिळून मग बांधते. त्याहून मोठा चोर धुण्यात असतो. सुताला न जडलेला रंग पाण्यात मोकळा होतो आणि गाठ सुटली रे सुटली की पांढऱ्यावर जाऊन बसतो. गाठीसकट गार पाण्यात खळबळत राहायचं, मग सोडायचं, गरम पाणी आणि साबण शेवटी. फिरोजी तर फारच चिवट. जडतो सावकाश, निघतोही सावकाश. एवढ्या बादल्या उन्हाळ्यात आणायच्या कुठून?

भुज-जामनगरकडच्या बायका करंगळीच्या वाढवलेल्या नखावर कापडाचा कण उचलून बांधतात. त्यांच्यापुढे मी हौशीच. पण रबरबँड आणि रंगाच्या बाटल्या भरलेला तयार डबा आणून टीशर्टवर भोवरा काढणाऱ्यांना मी कारागीर म्हणणार नाही. छापील ‘बांधणी’बद्दल तर बोलायलाच नको. कापडाला एक चुणी नाही, ठिपका कसला!

गाठी सोडायचं काम मात्र मी मुलांना कधी देत नसे. ‘घाईत कापड फाडाल’ हे सांगायचं कारण. खरं म्हणजे कापड झटकल्यावर उठणारं ‘अय्या!’ मला हवं असायचं. यंदा एका मुलीनं स्वतःच झटकलं. सगळे ठिपके कडांना विरघळलेले.

“मावशी, असेच मुद्दाम करता येतील?”

“सैल बांध,” मी म्हटलं.

दुसऱ्या रुमालावर तिनं जपून सैल बांधलं. निम्मे ठिपके लख्ख पांढरे निघाले. ती चिडली. मला, खरं सांगते, बरं वाटलं.