स्वखुशीने

भावाने व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवली तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये होते. खाली मेसेज होता, "ताई, वाचून घे. दिवाळीले आली का अर्जुनीले जाऊन सही करून टाकू." वर शीर्षक, 'हक्कसोड पत्र'. अडीच पानांत बहुतेक गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा. मधे एक वाक्य होतं, ते मी तीनदा वाचलं. आम्ही आमचा हक्क, हिस्सा आणि हितसंबंध स्वखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, कोणताही मोबदला न घेता कायमचा सोडून देत आहोत.

स्वखुशीने. अजून मला कोणी विचारलंही नव्हतं, पण माझी खुशी टाइप होऊन आली होती.

आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात. इटियाडोहचं पाणी येणारी चार एकर धानाची शेती. बाबा गेल्यावर वारसांची नोंद झाली आणि सातबाऱ्यावर चार नावं चढली: आई, मोठी ताई, मी आणि भाऊ. त्यासाठी आम्हाला कोणाशी भांडावं लागलं नाही. तलाठ्याने वारस विचारले, आम्ही सांगितले, फेरफार झाला. फोनवर सातबारा उघडून मी स्वतःचं नाव पाहिलं होतं. पगाराच्या पहिल्या मेसेजचाही मी स्क्रीनशॉट काढला नव्हता, याचा काढला.

ही चार नावं एवढ्या सहज चढावीत म्हणून किती वर्षं लागली ते मी नंतर वाचलं. हिंदू कोड बिल रखडलं, हे डॉ. आंबेडकरांच्या 1951 मधल्या राजीनाम्यामागचं एक मोठं कारण होतं. 1956 च्या कायद्याने मुलगी बापाची वारस झाली, पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासूनचा हक्क मुलालाच राहिला. महाराष्ट्राने तो 22 जून 1994 पासून मुलींना दिला, मात्र आधी लग्न झालेल्यांना वगळून. 2005 मध्ये केंद्राने ती अट काढली. तरीही 2005 ला बाप जिवंत असायला हवा होता की नाही यावर कोर्टात वाद चालू राहिले. शेवटी ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हक्क जन्माने मिळतो, बाप हयात असण्याची गरज नाही.

माझ्या आईचं लग्न 1993 चं. म्हणजे 1994 चा कायदा तिला एका वर्षाने हुकला. 2005 च्या कायद्याने तिला धरलं. आणि 2006 मध्ये तिने मामाला हक्कसोड लिहून दिलं.

मी तिला फोनवर विचारलं, "तेव्हा कोणी काही समजावलं होतं का?"

"मामा न्यायले आला होता गाडी घेऊन. सही केली, जेवण केलं, लुगडं घेतलं, आलो."

"तुझा हिस्सा किती होता?"

"मले काय माहीत बापा."

मग थोडं थांबून म्हणाली, "पण मामा दरवर्षी मंडईले न्यायले येते ना."

बाहेरच्यांना हे सांगावं लागतं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी-भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते. रात्री नाटक असतं, घरं पाहुण्यांनी भरतात, सोयरिकी जुळतात. लेकीबाळी माहेरी येतात. मंडईला ज्या बाईला न्यायला कोणी येत नाही तिच्याकडे सासरचे कसे बघतात, हे मी लहानपणापासून पाहिलंय. आईने जमीन फुकट दिली असं आम्ही म्हणतो, पण तिच्या हिशेबात तो सौदा होता. एक एकर की काय ते देऊन तिने माहेरचं दार उघडं ठेवलं. बाबा नागपूरला दवाखान्यात होते तेव्हा याच दारावर ती उसने पैसे मागायला गेली. मामाने पाच हजार दिले, तेही तोंड पाडून. त्याच्याकडे नसतील, मी त्याला दोष देत नाही. पण तिची स्वतःची जमीन असती तर तिला तिथे मागायला जावं लागलं नसतं.

मोठी ताई सही करायला तयारच आहे. "उद्या सासरी काही झालं त कोठी जाऊ?" हे तिचं कारण. मी म्हटलं, तुझ्या स्वतःच्या एकरावर जा. ती हसली. गावात एकराचा उपयोग कसा होतो ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

भाऊ वाईट नाही, हे लिहिणं मला गरजेचं वाटतं. बाबांच्या आजारपणात त्याने कॉलेज सोडलं आणि मी एम.एस्सी. पूर्ण केलं. चिखलणी तो करतो, रात्री धुऱ्यावर पाणी बघायला तो जातो. त्याचं म्हणणंही खोटं नाही. सामायिक सातबारा असला की सोसायटीचं कर्ज, पीक विमा, सरकारी खरेदी केंद्रावर धान विकण्याची नोंदणी, प्रत्येक वेळी सगळ्यांची संमती मागतात. एक बहीण पुण्यात, एक तिरोड्याकडे. "मी काय दर वेळी तुमच्या सह्यांच्या मांगं फिरू?" त्याच्या कष्टाला जास्त वाटा मिळावा हे मला मान्य आहे. सगळं पीक त्याने घ्यावं, मी दाणाही मागणार नाही.

पण पीडीएफच्या पहिल्या पानावर 'लिहून देणार' या रकान्यात तीन नावं होती. मोठी ताई, मी. आणि सगळ्यात वर, आई.

तिथे मी अडकले. कष्टाचाच हिशेब लावायचा तर आईने तीस वर्षं या बांध्यांत रोवणी केलीय. परे उपटणं, निंदण, कापणी, सगळं. बाबा असेपर्यंत सातबारा त्यांच्या नावावर होता, म्हणून धानाचे पैसे त्यांच्या खात्यात येत. बाबा गेले तेव्हा पहिल्यांदा तिच्या नावावर जमीन आली आणि आता वर्षाच्या आत तीही मुलाच्या नावावर जाणार. तलाठ्यांच्या भाषेत याला नावाला कंस करणं म्हणतात. हक्कसोडाला मुद्रांक किती लागतो पाहिलं, तर ऑक्टोबर 2024 पर्यंत 200 रुपये होता, आता 500.

1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. त्यानंतरच्या वर्षांत शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली, नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन करावी म्हणून. गावात शंभर जणांनी तसं केलं की ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. कुठल्याही कायद्याने सक्ती नसताना काही हजार पुरुषांनी ते केलं, हे वाचून मला नवल वाटलं. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांत बाया सुमारे 14 टक्के होत्या, तर रोवणीच्या दिवसांत आमच्या बांध्यांत वाकलेल्या दहांपैकी आठ बायाच असतात.

माझी एक मैत्रीण गोंड आहे. तिला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "तुमच्याकडे सोडायले तरी आहे." हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड बाईच्या वारसांना आजोबांच्या जमिनीत समान हिस्सा दिला, पण त्यासाठी त्यांना थेट दिल्लीपर्यंत लढावं लागलं. त्यामुळे कायदा बिनकामाचा, असं मला म्हणवत नाही. कायदा नसता तर भावाला माझी सही मागावीच लागली नसती आणि हे बोलणंही झालं नसतं. फक्त, पूर्वी आम्हाला वगळायचं काम कायदा करायचा, आता तेच आमच्या सहीने होतं. आणि खाली 'स्वखुशीने' असल्यामुळे तक्रारही करता येत नाही.

मी भावाला लिहिलं, "माझं नंतर बघू. आईचं नाव काढून टाक लिहून देणाऱ्यांतून."

दोन निळ्या टिका आल्या. उत्तर आलं नाही. आईला सांगितलं तर ती घाबरली. "माह्यासाठी भावाशी तोडू नको," एवढंच म्हणाली. मी विचारलं, तुला काय पाहिजे? बराच वेळ मागे कोंबड्यांचा आवाज येत राहिला. मग म्हणाली, "नाव राहिलं त बरं वाटते. पण मी काही म्हटलं नाही असं सांगजो त्याले."

चार दिवसांनी भावाचा मेसेज आला. "धानाची नोंदणी सुरू झाली. सगळ्यांची संमती लागते. आधारचा फोटो पाठव." पीडीएफबद्दल एक अक्षर नाही. मी फोटो पाठवला, संमतीपत्रावर सही करून तेही स्कॅन करून पाठवलं.

रात्री पुन्हा मेसेज. "मंडईले येशीन ना?"

येते म्हटलं.